घरच्या घरी गाडीचं पॉलिश: किती घासायचं आणि कुठे थांबायचं

पॉलिश म्हणजे गाडीवर काहीतरी चोपडणं, असा बहुतेकांचा समज असतो. होतं उलटंच. ओरखडा म्हणजे रंगावरच्या थरात पडलेली बारीक चर. तिच्या आजूबाजूचा भाग घासून तळापर्यंत खाली आणला की चर दिसेनाशी होते आणि उजेड सरळ परततो. तीच ती चमक. म्हणजे पॉलिशच्या प्रत्येक हाताला गाडीच्या अंगावरून थोडं काहीतरी कायमचं जातं. मशीन हातात घेण्याआधी एवढं डोक्यात पक्कं करा, कारण पुढची बहुतेक पथ्यं याच हिशेबातून आली आहेत.

जाडीचा हिशेब

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर साधारण चार थर असतात. गंज अडवण्यासाठी विजेच्या हौदात बुडवून चढवलेला थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, ज्याला आपल्याकडचे पेंटर लॅकर किंवा क्लिअर म्हणतात. चारही मिळून जाडी बहुतेक गाड्यांत ९० ते १४० मायक्रॉन असते आणि त्यातलं लॅकर ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला तर लॅकर त्याहूनही पातळ. मशीनने कंपाउंडचं, म्हणजे जोरात कापणाऱ्या पॉलिशचं, एक पूर्ण काम केलं की १ ते ३ मायक्रॉन जातात, शेवटच्या चमकेसाठीच्या फिनिशिंग पॉलिशने त्याहून बरेच कमी. ऊन झेलणारी द्रव्यं याच लॅकरमध्ये असतात. ते फार पातळ झालं तर त्या दिवशी काहीच दिसत नाही, पण काही उन्हाळ्यांनी छत आणि बोनेट पांढुरकं पडून पापुद्रे सुटू लागतात. गाडीच्या अख्ख्या आयुष्यात ८-१० मायक्रॉनच्या वर काढायचं नाही, असा हिशेब ठेवा. दर दिवाळीला कंपाउंड मारून घेणाऱ्यांच्या गाड्या सातव्या-आठव्या वर्षी का सोलतात, हे यावरून कळेल.

जुन्या मारुती ८००, ओम्नी किंवा तशा साध्या रंगाच्या गाड्यांवर लॅकर नसण्याचीही शक्यता असते, तिथे रंगच सगळ्यात वर असतो. ओळखायला सोपं आहे: दाराच्या आतल्या कडेवर पांढऱ्या कापडाने थोडं पॉलिश घासा. कापडाला गाडीचा रंग लागला तर लॅकर नाही. अशा गाडीलाही पॉलिश करता येतं, फक्त पॅड लवकर भरतं आणि घाई केली तर थेट प्रायमर उघडा पडतो.

जाडी मोजायचं छोटं मीटर मिळत असेल तर, उसनं का होईना, मिळवा. प्रत्येक पत्र्यावर पाच-सहा ठिकाणी टेकवा. ९० ते १४० दाखवलं तर रंग मूळचा. २०० ते ३०० म्हणजे तो भाग पुन्हा रंगवलेला. ५०० च्या पुढे गेलं तर खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. ७०-८० दाखवलं तर तिथे आधीच कोणीतरी भरपूर घासून गेलंय. त्या जागी वॅक्स लावा आणि पुढे चला. साधं मीटर प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर मोजल्याशिवाय मशीन लावूच नका. विकण्याआधी जोरात रबिंग मारून चकाचक केलेल्या गाड्या बाजारात भरपूर असतात.

आधी दुखणं ओळखा

मोबाइलचा टॉर्च किंवा हातातला एलईडी दिवा पत्र्यापासून दोन फुटांवर तिरका धरा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल जाळं दिसलं तर ते पुसण्यातून आलेले ओरखडे. धुळीवर कोरडं फडकं फिरवलं की धुळीतले कण लॅकरमध्ये चरा पाडतात. नाशिकमध्ये सोसायटीत गाडी पुसणारा माणूस एका बादलीत, एका फडक्यात पंधरा-वीस गाड्या उरकतो. पहिल्या गाडीची माती शेवटच्या गाडीला लागते. काळ्या, गडद निळ्या आणि लाल गाड्यांवर हे जाळं उठून दिसतं. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवर तेवढंच असतं, फक्त दिसत नाही.

नखाची परीक्षा पुढची. ओरखड्यावरून नख आडवं, हलकं फिरवा. नख अडलं नाही तर तो पॉलिशने जाईल किंवा निदान पुसट होईल. नख अडलं तर चर खोल आहे. ती पूर्ण घालवायच्या नादात आजूबाजूचं लॅकर संपेल. तिच्या कडा पॉलिशने गोल होतात, ती कमी दिसते, तेवढ्यावर समाधान मानायचं. आत पांढरा किंवा राखाडी प्रायमर दिसत असेल तर ते काम टचअपचं. आणि लॅकरचे पापुद्रे सुटले असतील तर पॉलिश, वॅक्स, कोटिंग यातलं काहीही चालत नाही. तो पत्रा पेंटरकडेच जातो. मॅट रंगाच्या किंवा फिल्म चढवलेल्या गाडीलाही हे काम करायचं नाही.

बाकीची दुखणी आपल्या भागाची आहेत. बेसॉल्टमधून आलेलं बोअरचं पाणी जड असतं. त्या पाण्याने उन्हात गाडी धुतली की थेंब जागेवर वाळतात आणि चुन्याचे गोल पांढरे ठिपके उरतात. सातपूर आणि अंबड एमआयडीसीत, फॅब्रिकेशनच्या शेडजवळ रोज आठ तास उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर ग्राइंडिंगचे तापलेले लोखंडी कण उडून रुततात. पांढऱ्या गाडीवर ते नारिंगी टाचणीटोकांसारखे दिसतात आणि लोक पत्रा गंजला म्हणून घाबरतात. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव पट्ट्यात बागेच्या कडेला गाडी लावली तर फवारणीच्या ब्लोअरचा तुषार गाडीवर येतो. त्यात बोर्डो असेल, म्हणजे मोरचूद आणि चुना, तर निळसर पांढरे ठिपके वाळून बसतात. झाडाखाली पाखरांची आणि वटवाघळांची विष्ठा पडते. ती उन्हात काही तास राहिली तर लॅकरमध्ये खड्डा पाडते, कारण तापून मऊ झालेलं लॅकर गार होताना तिच्याभोवती आवळतं. डांबराचे ठिपके तर कसारा घाट चढून आलेल्या किंवा रस्त्याच्या कामावरून गेलेल्या कुठल्याही गाडीच्या चाकांमागे सापडतील. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद, उघडतात त्या दिवशी गाडी तिथे नेऊ नये, हा सल्ला मात्र पॉलिशच्या आधीचा.

हत्यारं

यंत्र डीए घ्या, म्हणजे ड्युअल अॅक्शन पॉलिशर. त्याचं पॅड गोल फिरतं आणि त्याच वेळी छोट्या हेलकाव्यांत सरकतंही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही आणि नवशिक्याकडून लॅकर जळणं कठीण होतं. ५ इंची बॅकिंग प्लेट (जिच्यावर पॅड चिकटवतात ती चकती) आणि साडेपाच इंची पॅड घरच्या कामाला योग्य. थ्रो, म्हणजे हेलकावा, ८ मिमीचा असला तरी चालतो. १५ मिमीचा सपाट पत्र्यावर काम लवकर उरकतो, पण वळणांवर अडतो. गॅरेजमधलं रोटरी मशीन फक्त गोल फिरतं, जोरात कापतं आणि दोन सेकंद जागेवर राहिलं तर रंग उघडा पाडतं. ते शिकायचं असेल तर भंगारातून आणलेल्या बोनेटवर शिका. साध्या अँगल ग्राइंडरला फोम लावून पॉलिश करायचा प्रयत्न कुणीही, कधीही करू नये. तो मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. पॉलिशला १,००० ते २,००० पुरतात. ड्रिलला पॅड लावणं तेवढं धोक्याचं नाही, पण दोन दारांत ड्रिल तापतं आणि हात दुखून येतो.

फोमचे कटिंग पॅड तीन, फिनिशिंगचे दोन. पॅडच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंगांचा हिशेब वेगळा. कंपाउंड आणि फिनिशिंग पॉलिश एकाच कंपनीचं घ्या. मेंझेर्नात ४०० हे कापणारं आणि ३८०० हे शेवटचं, मेग्वायर्समध्ये १०५ आणि २०५. थ्रीएमची जोडीही सहज मिळते. २५० मिलीची बाटली एका गाडीला पुरून उरते. हार्डवेअरच्या दुकानातल्या डब्यातलं जाडं रबिंग कंपाउंड घेऊ नका, ते लॅकरवर नवे ओरखडे पाडतं. टूथपेस्ट, राख आणि लिंबू यांचे व्हिडिओ बघायला छान असतात.

मायक्रोफायबर कापडं निदान दहा लागतील, आणि गाडी कोरडी करायला एक मोठं, जाड. नवीन कापडांची शिवलेली किनार आणि लेबल कापून टाका. लेबलही ओरखडा पाडतं. याशिवाय गाडीचा शाम्पू, लोखंड काढणारा स्प्रे, डांबरासाठी रिमूव्हर, ५० ग्रॅमची क्ले (रुतलेली घाण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा), २४ मिमी मास्किंग टेप, आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन बादल्या, धुण्याचा मऊ हातमोजा, नाकावर मास्क आणि डोळ्यांना चष्मा. बाहेरून विजेचा एक्स्टेंशन बोर्ड ओढत असाल तर वायर जाड असू द्या आणि जमीन कोरडी.

दिवस आणि जागा

दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. मार्च ते मे सकाळी दहा वाजताच पत्रा तापतो, कंपाउंड दोन मिनिटांत वाळून पावडर होतं आणि पुसताना चिकटतं. पत्र्यावर पालथा हात आरामात ठेवता आला तरच काम सुरू करा. पावसाळ्यात पॉलिश जमतं, पण कोटिंग टाळा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुवायला बसू नका. थंड पत्र्यावर पॉलिश घट्ट होतं आणि कोटिंग नीट बसत नाही. उन्हं वर आल्यावर, सावलीत, दहाच्या पुढे सुरुवात करा. खालच्या पार्किंगमध्ये वारा धूळ आणतो, म्हणून आधी जमिनीवर पाणी मारून धूळ बसू द्या आणि जमीन वाळल्यावरच बोर्ड जोडा. शेजारी कोणी झाडू मारत असेल तर थांबा. पहिल्यांदा करताना छोट्या हॅचबॅकलाही दोन दिवस धरा: एक धुण्याचा आणि क्लेचा, दुसरा मशीनचा.

धुणं, लोखंड, डांबर, क्ले

अर्धं काम इथेच होतं, आणि नवशिके नेमकं हेच उरकून टाकतात. आधी पाण्याच्या फवाऱ्याने सुटी माती उतरवा, खालून वर नाही, वरून खाली. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा शाम्पूत बुडवून एक पत्रा धुवायचा, साध्या पाण्यात पिळून काढायचा, मग पुन्हा शाम्पूत. चाकांना वेगळं कापड. भांड्यांचा साबण पॉलिशच्या आधी एखाद्या वेळी चालतो, नेहमी नाही. तो वॅक्स आणि रबराचं तेल दोन्ही ओढून घेतो.

पाणी ओघळल्यावर, पत्रा गार असताना लोखंडाचा स्प्रे मारा. तीन ते पाच मिनिटांत जिथे कण असतील तिथून जांभळे ओघळ सुटतात. एमआयडीसीतल्या गाडीवर मागचं बंपर आणि डिकी अक्षरशः जांभळी होते. वाळू न देता भरपूर पाण्याने धुवा. वास कुजलेल्या अंड्यासारखा येतो, हातमोजे घाला. डांबरासाठी रिमूव्हर कापडावर घेऊन ठिपक्यावर अर्धा मिनिट दाबून ठेवा, मग पुसा. रॉकेलनेही डांबर सुटतं, पण ते जागेवरच वापरून लगेच शाम्पूने धुवावं लागतं. पेट्रोल नको. डिझेल मारून गाडी चमकवायची पद्धत तर सोडूनच द्या. चमक संध्याकाळपर्यंत टिकते आणि त्यावर धूळ आठवडाभर बसते.

चुन्याच्या ठिपक्यांना आणि फवारणीच्या डागांना पांढरा व्हिनेगर आणि पाणी समसमान. कापड भिजवून डागावर एक मिनिट ठेवा, पुसा आणि लगेच भरपूर पाणी ओता. नुकते पडलेले डाग यात जातात. डाग गेला पण गोल कडा दिवा धरल्यावर दिसतेच आहे, तर खनिज गेलंय आणि लॅकरला खड्डा पडलाय. ती कडा मशीनकडे सोपवा.

आता हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून धुतलेल्या बोनेटवरून फिरवा. नुसत्या बोटांना गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. हीच खरखर क्ले काढते. क्लेचे तीन-चार तुकडे करा, एक तुकडा चापट करा आणि लिटरभर पाण्यात शाम्पूचे थोडे थेंब टाकून त्या पाण्याने पत्रा ओला ठेवा. क्ले वजन न देता, सरळ रेषेत पुढे-मागे सरकवा. आधी ती अडखळते, आवाज येतो, मग आवाज थांबतो आणि ती घसरू लागते. तेवढा भाग झाला. क्ले काळपट दिसू लागली की दुमडून नवी बाजू वर आणा. खाली पडली तर फेकून द्या, धुऊन वापरायची नाही: पार्किंगमधली वाळू तिच्यात रुतते आणि पुढच्याच हाताला गाडीवर रेषा उमटतात. क्लेनेही हलके ओरखडे येतात. ते मशीनमध्ये जातील, म्हणून क्ले नेहमी पॉलिशच्या आधी. नुसती क्ले करून गाडी सोडून देऊ नका.

टेप कुठे लावायची

काचेची रबरं, काळं खरखरीत प्लॅस्टिक, दाराच्या हँडलमागच्या फटी, बॅज, हेडलाइटच्या कडा. काळ्या प्लॅस्टिकला कंपाउंड लागलं तर वाळल्यावर पांढरं दिसतं आणि निघता निघत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पत्र्याच्या कडा आणि उठावदार रेषा. तिथे रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब नेमका तिथेच एकवटतो. बोनेटची मधली घडी, दारावरून जाणारी रेघ, चाकाच्या कमानीची धार यांवर टेप लावा आणि शेवटी टेप काढून तेवढा भाग हाताने, फिनिशिंग पॉलिशने करा.

चाचणीचा चौकोन

बोनेटवर दीड फूट बाय दीड फूट चौकोन टेपने आखा. अख्ख्या गाडीला काय लागणार ते इथेच ठरतं. सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीने: फिनिशिंग पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. चाललं नाही तर कटिंग पॅडवर तेच पॉलिश, आणि तेही कमी पडलं तरच कटिंग पॅड आणि कंपाउंड. कुठल्याही लॅकरचा कठीणपणा बाहेरून कळत नाही. जर्मन गाड्यांचं लॅकर बहुधा कठीण, जपानी मऊ, असं म्हणतात, पण त्यावर विसंबू नका. एकाच गाडीचा रंगवलेला बंपर मऊ आणि मूळचं बोनेट कठीण असू शकतं.

नव्या पॅडवर पॉलिशचे पाच-सहा थेंब घेऊन बोटाने पॅडच्या पूर्ण पृष्ठभागावर पसरा. कोरडं पॅड पत्र्यावर टेकवलं तर स्वतःच ओरखडे पाडतं. त्यानंतर दर वेळी मटारच्या दाण्याएवढे तीन-चार थेंब. मशीन बंद असतानाच पॅड चौकोनात चार-पाच ठिकाणी टेकवा, नाहीतर चालू केल्याबरोबर समोरची भिंत पॉलिश होते. वेग १ वर ठेवून सगळीकडे पसरा. मग वेग ४ किंवा ५. वायर खांद्यावरून मागे टाका म्हणजे ती पत्र्यावर घासणार नाही.

हात सावकाश. एक फूट सरकायला दहा-बारा सेकंद लागले पाहिजेत. पहिल्यांदा करताना सगळेच याच्या दुप्पट-तिप्पट पळतात. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. डावीकडून उजवीकडे पूर्ण चौकोन, मग वरून खाली पूर्ण चौकोन, हा एक हात. असे तीन ते चार हात. दाब किती द्यायचा ते शब्दांत सांगून कळत नाही, म्हणून घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवा, बंद मशीनचं पॅड त्यावर टेकवा आणि काटा ५ किलोवर येईपर्यंत दाबून बघा. कापताना तेवढा दाब, शेवटच्या हाताला मशीनच्या वजनाहून जास्त नाही. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ मारून ठेवा. काम चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. रेघ थांबून नुसती थरथरत असेल तर दाब जास्त झालाय किंवा पॅड तिरपं पडलंय, आणि पॅड फिरत नाही तोपर्यंत कापत जवळजवळ काहीच नाही.

पॉलिशचा दुधी थर पातळ होऊन पारदर्शक, तेलकट दिसू लागला की थांबा. मायक्रोफायबरने पुसा. मग एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार भाग पाणी स्प्रे करून पुन्हा पुसा. हे टाळायचं नाही. पॉलिशमधलं तेल ओरखड्यात भरून राहतं आणि गाडी झकास दिसते; दोन धुण्यांत तेल जातं आणि जाळं परत दिसतं. रस्त्याकडेला अर्ध्या तासात रबिंग करून मिळतं त्याची गोष्ट बहुतेक वेळा हीच असते.

आता टेप काढून दिवा तिरका धरा. चौकोन आणि बाहेरचा भाग यांतला फरक स्वच्छ दिसेल. रोज वापरायच्या गाडीला दहातले सात-आठ ओरखडे गेले तरी पुष्कळ. उरलेले दोन खोल असतात, त्यांच्यामागे लागलं की लॅकर दुप्पट जातं आणि फरक फक्त दिव्याखाली कळतो. जी जोडी पुरली ती कागदावर लिहा: पॅड, पॉलिश, वेग, किती हात. बाकीच्या गाडीला तेच.

पूर्ण गाडी

छत, बोनेट, डिकी, मग दारं, मडगार्ड, शेवटी बंपर. दाराचा खालचा भाग सगळ्यात जास्त वाळू खातो, तो शेवटी घ्या. प्रत्येक पत्रा दीड-दोन फुटांच्या चौकोनांत वाटा. दर चौकोनानंतर पॅड कोरड्या, स्वच्छ ब्रशने किंवा जाड कापडावर दाबून साफ करा, दोन-तीन पत्र्यांनंतर पॅडच बदला. भरलेलं पॅड गरम होतं, कापायचं थांबतं आणि धुरळा सोडतं. प्लॅस्टिकच्या बंपरला वेग एकाने कमी, कारण प्लॅस्टिक उष्णता वाहून नेत नाही आणि रंग जागेवरच तापतो.

कंपाउंडनंतर गडद गाडीवर धुकट पडदा दिसतो. तो कंपाउंडने केलेला बारीक ओरखड्यांचा थर. फिनिशिंग पॅड आणि फिनिशिंग पॉलिशचे दोन हात, वेग ३-४, हलका हात, की पडदा जातो. पांढऱ्या गाडीला बहुतेक वेळा याची गरज दिसत नाही. तरी छतावर आणि बोनेटवर एक हात मारून टाका.

बिघडतं काय? पुसताना चिकट राहत असेल तर पत्रा गरम आहे किंवा पॉलिश जास्त घेतलंय. जुन्याच थरावर थोडं ताजं पॉलिश घेऊन हलका हात फिरवला की सुटतं, कोरडं खरवडू नका. पांढरी पावडर उडत असेल तर पॅड कोरडं आहे. चौकोन नीट झाला पण पुढच्या दारावर काहीच जात नाही, तर ते दार रंगवलेलं असण्याची शक्यता पाहा. पॅडवर अचानक गाडीचा रंग दिसला आणि गाडीला लॅकर आहे हे आधी तपासलेलं आहे, तर लगेच मशीन उचला. तिथलं लॅकर संपलंय. ते पुन्हा आणण्याचा घरगुती उपाय नाही.

मशीन नसेल तर

हाताने, फोमच्या गोळ्यावर पॉलिश घेऊन, एका वेळी एक फुटाचा चौकोन, सरळ रेषेत. जाळं तीस-चाळीस टक्के हलकं होतं. हँडलमागचे नखांचे ओरखडे आणि दाराच्या कडा यांना हाच मार्ग चांगला, मशीन तिथे पोचतही नाही. पॉलिश पेपरने, म्हणजे २००० किंवा ३००० नंबरच्या पाण्यातल्या पेपरने, लॅकर घासणं नवशिक्याने करू नये. पेपर काही झटक्यांत जेवढं काढतो तेवढं कंपाउंड अनेक हातांत काढत नाही.

दगड लागून उडालेला रंग

बोनेटच्या पुढच्या धारेवर पांढरे टोचे पडतात ते हायवेच्या खडीचे. रंगाचा कोड दाराच्या खांबावरच्या किंवा बोनेटखालच्या स्टिकरवर असतो. त्यावरून टचअप पेन किंवा २५-५० मिली रंग तयार करून घ्या. खड्डा अल्कोहोलने पुसा. गंज असेल तर टोकदार पातीने खरवडून काढा आणि प्रायमरचा ठिपका द्या. मग टूथपिकच्या टोकाने रंग, एकदम भरून नाही: पातळ ठिपका, अर्धा तास, दुसरा ठिपका. खड्डा भरेपर्यंत दोन-तीन वेळा, शेवटी क्लिअरचा ठिपका. आठवडाभर त्याला हात लावू नका. हाताएवढ्या अंतरावरून दिसत नाही इतपत झालं की पुरे. हे काम पॉलिशच्या आधी, निदान दहा दिवस, करून ठेवा.

वर काय लावायचं

घासून उघडं पडलेलं लॅकर तसंच सोडू नका. कार्नोबा वॅक्स दिसायला सगळ्यात सुंदर, पण आपल्या उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांत उतरतं. सिंथेटिक सीलंट चार-सहा महिने टिकतं आणि नवशिक्यासाठी तेच बरं: पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या, पुसून टाका. दोन्ही प्रकारांत जाड थर लावून काही मिळत नाही, फक्त पुसायला दुप्पट वेळ लागतो.

सिरॅमिक कोटिंगची ३० मिलीची बाटली एका छोट्या गाडीला पुरते. पत्रा अल्कोहोलने पूर्ण पुसल्याशिवाय लावू नका. एक-दीड फुटाच्या भागावर आडवा-उभा हात, मग थांबा. इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला की दोन कापडांनी पाठोपाठ पुसा. किती सेकंद थांबायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं आणि गरमीत ते अर्ध्यावर येतं. पुसायचा राहिलेला काळपट पट्टा दुसऱ्या दिवशी घट्ट होतो आणि पुन्हा मशीननेच काढावा लागतो, म्हणून दर पत्र्यानंतर दिवा धरा. चोवीस तास पाणी लागू देऊ नका, आठवडाभर शाम्पू नाही. कोटिंगने ओरखडे थांबतात हे मात्र खरं नाही. घाण कमी चिकटते आणि धुणं सोपं होतं, एवढंच. टेफ्लॉन म्हणून जे विकलं जातं त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका. टेफ्लॉन घट्ट बसायला तीनशे अंशांच्या वर तापमान लागतं आणि तेवढ्यात गाडीचा रंगच राहणार नाही. नव्याने रंगवलेल्या भागावर मात्र निदान महिनाभर वॅक्स नको, कोटिंग दोन-तीन महिन्यांनी. रंगातलं थिनर बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो.

त्यानंतरची गाडी

कापडं वेगळी धुवा, कपडे मऊ करणारं द्रावण घालू नका, त्याने धागे बुजतात. पॅड कोमट पाण्यात शाम्पू घालून दाबून धुवा आणि तोंड खाली करून सावलीत वाळवा. उन्हात वेल्क्रोचा गोंद सुटतो. डिकीत पाण्याची बाटली आणि एक स्वच्छ मायक्रोफायबर ठेवा. विष्ठा दिसली की कापड ओलं करून दहा मिनिटं त्यावर ठेवा आणि उचला, घासू नका. गाडी बोअरच्या पाण्याने धुवावी लागत असेल तर शेवटची बादली नळाच्या, शक्य असेल तर आरओच्या पाण्याची घ्या आणि थेंब वाळायच्या आत पुसा. एवढं सांभाळलं तर पुढची दीड-दोन वर्षं कंपाउंडला हात लावावा लागत नाही, फिनिशिंगचा एक हलका हात पुरतो.

उरला सोसायटीतला गाडी पुसणारा. त्याला स्वतःची बादली आणि चार मायक्रोफायबर देऊन बघा. सकाळी सहाला वीस गाड्या उरकायच्या असतात, त्यामुळे ती कापडं दुसऱ्याच आठवड्यात सगळ्या गाड्यांवर फिरताना दिसतील. त्यापेक्षा महिन्याचे पैसे पूर्ण द्या आणि फक्त काचा, चाकं आणि आतल्या चटया करायला सांगा.